आशेची किंमत कोण मोजतो?

घरात वाईट बोलू नये, वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. तिच्यामागचा भाव समजण्यासारखा आहे. चार माणसांच्या घरात सतत अनिष्टाचीच चर्चा चालावी, असे कोणालाच वाटणार नाही. परंतु या समजुतीमुळे असे झाले आहे की ज्या प्रश्नांवर घराने एकत्र बसून विचार करायला हवा, नेमके तेच प्रश्न घरात उच्चारले जात नाहीत. मुलाला प्रवेश मिळाला नाही तर काय, कमावत्या माणसाचे काही बरेवाईट झाले तर काय, पेरणीनंतर पावसाने दडी मारली तर काय, हे विचारणारा अपशकुनी ठरतो आणि विषय टाळणाऱ्याला आपण आशावादी म्हणतो. मला हा न्याय मान्य नाही. अपयशाची काहीही तजवीज न करता धरलेली आशा बहुतेक वेळा दुसऱ्याच्या जिवावर धरलेली असते. आशा धरणारा एक असतो आणि ती फसली की तिची किंमत भलतेच लोक मोजतात: घरातली बायको, पाठची बहीण, म्हातारे आईवडील, तळमजल्यावरचा भाडेकरू. त्यामुळे आशा आणि तयारी यांचा मेळ घालणे ही ज्याच्या त्याच्या स्वभावावर सोडून देण्याची बाब राहत नाही. त्यात न्याय-अन्यायाचा प्रश्न आहे, आणि तो उंबरठ्याबाहेर, शहर आणि सरकार यांच्यापर्यंत जातो.

नागपूरकरांना तयारी करता येत नाही, असे तर मुळीच म्हणता येणार नाही. होळी आटोपली की घरोघरी कूलर पुसून बाहेर काढले जातात, ताट्या बदलल्या जातात, पंप पाणी ओढतो की नाही ते पाहिले जाते. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जाणार हे सर्वांना ठाऊक असते आणि उन्हाळ्याचे नाव काढू नका, असे कोणी म्हणत नाही. अहमदाबादने 2013 साली देशातला पहिला उष्मा कृती आराखडा केला, त्यानंतर काही वर्षांतच नागपूरनेही आपला आराखडा केला, आणि आज उन्हाळ्यातल्या इशाऱ्यांची व उष्माघाताच्या रुग्णांसाठी राखीव खाटांची आपल्याला सवय झाली आहे. म्हणजे संकट अटळ असले की आपण निमूटपणे तयारीला लागतो. आपली अडचण होते ती संभाव्य संकटापाशी. जिथे यशही शक्य आहे आणि अपयशही, तिथे अपयशाची तयारी करणे म्हणजे यशाशी बेइमानी करणे, असे आपल्याला वाटू लागते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हेच शहर काळी आणि पिवळी मारबत काढून रोगराईपासून भ्रष्टाचारापर्यंत सगळ्या पीडांची नावे भर रस्त्यात घेते आणि त्यांना वेशीबाहेर घालवते. ही परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. पीडेचे नाव घेतल्याने ती ओढवते, असे ज्या शहराला रस्त्यावर वाटत नाही, त्याला घरात तरी का वाटावे?

या मौनाची किंमत सर्वांत स्पष्ट दिसते ती बँकेच्या शाखेत. घरचा कर्ता माणूस अचानक गेल्यानंतर त्याची पत्नी प्लास्टिकच्या पिशवीत मिळतील तेवढी कागदपत्रे घालून काउंटरपाशी येते. त्यात दोन पासबुके असतात, विम्याच्या हप्त्याची एखादी जुनी पावती असते, एका मुदतठेवीची झेरॉक्स असते पण मूळ प्रत नसते. आधार कार्डावर नावाचे स्पेलिंग एक असते आणि पासबुकावर दुसरे. नामनिर्देशन केलेले नसते, किंवा ते लग्नापूर्वी आईच्या नावे केलेले असते आणि आई कधीच गेलेली असते. वारस प्रमाणपत्र आणा, प्रतिज्ञापत्र करा, असे सांगितले जाते, आणि जिने आयुष्यात कधी चेकवर सही केलेली नाही ती बाई दुःखाच्या पहिल्याच महिन्यात कचेऱ्यांचे उंबरठे झिजवू लागते. तिच्या नवऱ्याचे तिच्यावर प्रेम नव्हते, असे कोण म्हणेल? त्याने फक्त तो विषय कधी काढला नाही. मार्च 2024 अखेर रिझर्व्ह बँकेकडे वर्ग झालेल्या बेवारस ठेवींची रक्कम 78 हजार कोटी रुपयांहून अधिक होती. ती सगळीच अशा मौनामुळे पडून आहे असे नाही. विसरलेली खाती, बदललेले पत्ते ही कारणेही आहेतच. तरीही घरात एकदा स्पष्ट बोलणे झाले असते तर त्यातला मोठा वाटा योग्य माणसापर्यंत पोहोचला असता, असे मला वाटते. मृत्युपत्र करायला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, दोन साक्षीदार पुरतात. प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता 436 रुपये आहे आणि सुरक्षा विम्याचा 20 रुपये. दोन्हींत दोन लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. तेव्हा अडचण नेहमी पैशाचीच असते, असे नाही. पुष्कळदा ती जिभेवर असते.

आता विद्यार्थ्यांकडे वळतो, कारण सर्वांत जास्त आशा आपण त्यांच्याच खांद्यावर ठेवली आहे. 2024 साली सुमारे 23 लाख मुलामुलींनी वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा दिली, आणि एमबीबीएसच्या देशभरातल्या जागा तेव्हा सव्वा लाखही नव्हत्या. म्हणजे परीक्षा कितीही चोख झाली, सगळ्यांनी जीव तोडून अभ्यास केला, तरी वीसांतल्या एकोणीस जणांना त्या दारातून आत जाता येणार नव्हते. हे अपयश मुलांच्या कर्तृत्वाचे नाही, ते या गणितात आधीच लिहिलेले आहे. असे असूनही शहरातल्या शिकवण्यांचे फलक, सत्कार समारंभ आणि घरातली बोलणी त्या विसाव्या मुलाच्या भाषेत चालतात. उरलेल्या एकोणिसांसाठी आपल्याकडे एकच वाक्य असते: पुढच्या वर्षी होईल. पुढच्या वर्षाचा खर्च कुठून येतो, हे सहसा सांगितले जात नाही. कुठे वडिलांच्या भविष्य निर्वाह निधीतून उचल होते, कुठे गावाकडचे एकर-दोन एकर वावर जाते, कुठे धाकटीला वसतिगृहात न पाठवता जवळच्याच महाविद्यालयात घातले जाते. तिला कोणी विचारलेले नसते आणि तीही काही म्हणत नाही. दादाच्या आशेची वर्गणी तिने भरलेली असते.

राज्यसेवेच्या तयारीत तर ही मुदत आणखी लांबते. खुल्या प्रवर्गाला 38 वर्षांपर्यंत परीक्षा देता येते, आणि अभ्यासिकेच्या खुर्चीवर विशीत बसलेला मुलगा तिशी ओलांडून उठतो. माझे म्हणणे असे नाही की त्याने परीक्षा देऊ नये. सुरुवात करण्यापूर्वी घराने मोकळेपणाने बसून तीन गोष्टी ठरवाव्यात, एवढेच माझे म्हणणे आहे: किती प्रयत्न, किती पैसा, आणि त्या काळात हातात दुसरे कोणते शिक्षण किंवा काम राहील. हे आधी ठरले तर थांबण्याचा दिवस हा पराभवाचा दिवस राहत नाही, तो ठरल्याप्रमाणे आलेला दिवस असतो. ठरले नाही तर थांबायचे कधी हे शेवटी लाज ठरवते, आणि लाजेसारखा वाईट सल्लागार नाही. लोकसेवा आयोगाच्या जाहिराती, परीक्षा आणि नियुक्त्या वेळापत्रकाप्रमाणे व्हाव्यात, ही मागणीही याच न्यायात बसते. ज्या परीक्षेची तारीख पुढे ढकलली जाते, तिच्या प्रत्येक लांबलेल्या महिन्याचे भाडे आणि मेसचे पैसे कोणी शेतकरी बाप भरत असतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो आपल्या इतिहासातूनच येतो. सिंहगडावर सूर्याजीने परतीचे दोर कापले म्हणून मावळे लढले आणि गड आला. मनात दुसरी वाट ठेवली की माणूस पहिल्या वाटेवर जीव ओतत नाही, असे सांगितले जाते. व्याख्यानांत या कथेवर टाळ्या पडतात. पण ही कथा अर्ध्यावरून सांगितली जाते. कोंढाणा 1670 मध्ये परत घ्यावा लागला तो का? कारण 1665 च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी तो इतर गडांबरोबर मोगलांच्या स्वाधीन केला होता. मिर्झाराजा जयसिंगाच्या फौजेपुढे तेव्हा सर्वस्व पणाला लावले असते तर सर्वस्वच गेले असते. 23 किल्ले देऊन 12 राखले, राज्य जिवंत ठेवले, आणि पाच वर्षांनी एकेक गड परत आणायला सुरुवात केली. दोर कापण्याचा निर्णय एका रात्रीचा आणि एका कड्यापुरता होता. राज्याचे धोरण मात्र माघारीच्या वाटा राखण्याचे होते. 1677 मध्ये महाराजांनी दूर दक्षिणेत जिंजी घेतली. संभाजी महाराजांनंतर 1689 मध्ये रायगड पडला, तेव्हा राजाराम महाराजांना त्याच जिंजीचा आसरा मिळाला, आणि तिथून पुढे सुमारे आठ वर्षे मराठ्यांनी औरंगजेबाच्या सैन्याला गुंतवून ठेवले. जिंजी घेणाऱ्या राजाला स्वराज्याविषयी आशा कमी होती, असे म्हणण्याचे धाडस कोणी करील काय? सेनापतीने दोर कापावा की नाही हे प्रसंगावर सोडावे, परंतु ज्याच्यावर इतरांचे जीवन अवलंबून आहे त्याला जिंजीची सोय न करता कडा चढण्याचा अधिकार नाही.

याच संदर्भात मला नागपूरची दीक्षाभूमी नेहमी आठवते. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात लाखोंच्या साक्षीने धम्मदीक्षा घेतली. मध्ये 21 वर्षे गेली. बाबासाहेबांनी मनात आणले असते तर 1935 च्या त्या प्रक्षुब्ध वातावरणात धर्मांतर करणे त्यांना अशक्य नव्हते. पण ज्यांनी त्यांच्यामागे यायचे होते त्यांना गावात राहायचे होते, त्याच मालकाच्या शेतावर राबायचे होते, बहिष्काराला तोंड द्यायचे होते. म्हणून 1936 मध्ये मुंबईच्या परिषदेत त्यांनी या पाऊलाचा विचार लोकांपुढे सविस्तर मांडला. 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, 1950 मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयाची सुरुवात झाली, 1955 मध्ये भारतीय बौद्ध महासभेची स्थापना झाली. याच काळात 1952 ची सार्वत्रिक निवडणूक आणि 1954 ची भंडाऱ्याची पोटनिवडणूक, अशा दोन्हींत त्यांना पराभव पाहावा लागला. प्रकृती साथ देत नव्हती, आणि ते त्यांना ठाऊक होते. नागपूरच्या सोहळ्यानंतर दोन महिन्यांच्या आत, 6 डिसेंबर 1956 रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. एखाद्या चळवळीवर याहून मोठा आघात कोणता असू शकतो? तरीही ती विझली नाही, कारण ती एका माणसाच्या आयुर्मानावर उभी केलेली नव्हती. महाविद्यालये होती, संघटना होती, आणि प्रत्येकाला घरी घेऊन जाता येतील अशा 22 प्रतिज्ञा होत्या. आज विजयादशमीला इंदोऱ्यापासून दीक्षाभूमीपर्यंत चालत जाणाऱ्या कुटुंबांतल्या पदवीधर मुलींकडे पाहिले की आशा किती काळजीपूर्वक बांधावी लागते, हे कळते.

शेतीबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण आशेने पेरायचे आणि अपयशाचा हिशेब ठेवायचा, ही कला विदर्भातला कास्तकार पिढ्यान्‌पिढ्या जगत आला आहे. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, मध्ये तुरीच्या ओळी टाकण्याची पद्धत काही उगाच पडली नाही; पाऊस किंवा कीड एका पिकाला नडली तर दुसरे काही तरी हाती लागते. संत्र्याचे जाणते बागायतदार सगळी बाग एकाच बहारावर, म्हणजे फुलोऱ्याच्या एकाच हंगामावर, सोडत नाहीत. आंबिया बहाराच्या फुलोऱ्याला आणि कोवळ्या फळांना फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीची धास्ती, तर मृग बहार पहिल्या पावसाच्या मर्जीवर, म्हणून काटोल-नरखेडकडे काही जण बाग विभागून पाण्याचा ताण देतात. सोयाबीनचे घरचे बियाणे ठेवणारा शेतकरी मे महिन्यात शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो, आठवडाभर ते ओले ठेवतो आणि मग उलगडून पांढरे कोंब मोजतो. सत्तर किंवा त्याहून अधिक दाणे उगवले तर ते बियाणे पेरण्याजोगे. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो, आणि तरी मृगाच्या पहिल्या सरीनंतर शेजाऱ्याचे तिफण चालू झालेले पाहून धीर सुटतो. पावसाने पाठ फिरवली की दुबार पेरणी आली. त्या वेळी ज्याच्या घरी बियाण्याचे एक पोते शिल्लक आहे तो आणि ज्याला पुन्हा कृषी केंद्रात उधारीवर उभे राहायचे आहे तो, या दोघांच्या आशेत फरक नसतो. फरक त्या एका पोत्याचा असतो.

इथेच या विषयाची खरी मेख आहे. तयारीला शिल्लक लागते, आणि ज्याच्याकडे शिल्लक नाही त्याला तयारीचा उपदेश करणे हे क्रौर्य आहे. बीटी कपाशीचे संकरित बियाणे घरी राखता येत नाही, ते दरवर्षी विकतच घ्यावे लागते. 2017 साली गुलाबी बोंडअळीने आणि 2023 साली सोयाबीनवरच्या पिवळ्या मोझॅक रोगाने जे नुकसान केले, त्यापुढे कोणाचीही वैयक्तिक काटकसर पुरी पडली नसती. अशा वेळेसाठीच पीक विमा असतो. महाराष्ट्राने 2023 च्या खरिपापासून तो एका रुपयात दिला, त्यात बोगस अर्जांचे पीक आले, आणि 2025 च्या खरिपापासून ती योजना गुंडाळताना स्थानिक आपत्ती, पेरणीच न होणे, काढणीनंतरचे नुकसान यांचे संरक्षणही काढून टाकून भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगांतील उत्पन्नाशी बांधली गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात राज्यात अतिवृष्टीने पिके वाहून गेली. बोगस अर्ज करणारे वेगळे आणि ज्यांचे वावर खरडून गेले ते वेगळे. पहिल्यांची शिक्षा दुसऱ्यांना झाली. शासनाने शेतकऱ्याला धीर धरायला सांगावे, पण ज्याच्या आधारावर तो धीर धरायचा तोच काढून घ्यावा, हे मला अन्यायाचे वाटते.

शहरही आशेवर चालते, आणि शहराच्या आशेची किंमत तर बहुधा त्या आशेत ज्यांचा वाटा सर्वांत कमी त्यांच्याकडूनच वसूल होते. 22 सप्टेंबर 2023 च्या मध्यरात्रीनंतर चार तासांत नागपुरात शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव सांडव्यावरून वाहू लागला आणि नाग नदीचे पाणी लोक झोपेत असताना अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांतल्या तळमजल्यांत शिरले. सीताबर्डीवरचे मोरभवन बसस्थानक पाण्याखाली गेले. चार जणांचा जीव गेला, मृतांत वृद्ध स्त्रियाही होत्या, आणि सुमारे दहा हजार घरांना झळ बसली. पाणी ओसरल्यावर भिंतींवर कमरेइतक्या उंचीची चिखलाची रेघ उरली होती. घरोघरी गच्चीवर विटा आणि पाट ठेवून कागद वाळत घातलेले होते: घराची रजिस्ट्री, मुलांच्या गुणपत्रिका, जातीचा दाखला, दवाखान्याच्या फाइली. शाई पसरलेल्या गुणपत्रिकेची दुसरी प्रत मिळते, पण त्यासाठी अर्ज, शुल्क आणि रजा लागते, आणि ती रजा रोजंदारीवरच्या माणसाला पगारी मिळत नाही.

गेल्या दोन दशकांत या शहराने विमानतळालगतच्या मिहान उद्योग प्रकल्पाची, मेट्रोची, उड्डाणपुलांची, नदीकाठच्या सुशोभीकरणाची स्वप्ने पाहिली, आणि त्यातली काही साकारही झाली. मला त्या स्वप्नांबद्दल आकस नाही. मागासलेपणाची सल बाळगणाऱ्या विदर्भाला मोठी स्वप्ने हवीतच. पण ज्या सभेत पुलाच्या चित्राचे अनावरण होते, त्याच सभेत नाल्याच्या पात्रात किती बांधकाम झाले आहे आणि पावसाने मर्यादा ओलांडली तर पाणी कुठून जाईल, हे विचारणारा अधिकारी आपल्याला खडूस वाटतो. अंबाझरीच्या सांडव्यासमोरील विवेकानंद स्मारकाचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला, तो पूर येऊन गेल्यावर. ती चर्चा स्मारक उभे राहण्यापूर्वी नगरसेवकांनी आणि नागरिकांनी करायला हवी होती.

उन्हासाठी जे आपण करून दाखवले ते पाण्यासाठी करता येणार नाही, असे मानायला काही कारण नाही. दरवर्षी जून लागण्यापूर्वी महापालिकेने प्रभागनिहाय जाहीर बैठक घ्यावी आणि काय चुकू शकते याची यादी लोकांसमोर वाचावी: तलाव कोणत्या पातळीला आला की कोणी कोणाला कळवायचे, रात्री भोंगा कोण वाजवणार, नदीकाठच्या वस्त्यांत अंथरुणाला खिळलेली आणि एकटी राहणारी वृद्ध माणसे कोणत्या घरांत आहेत, त्यांना बाहेर काढण्याची जबाबदारी कोणत्या कर्मचाऱ्याच्या नावावर आहे. ती यादी प्रभाग कार्यालयाच्या दारावर अधिकाऱ्याच्या नावानिशी लावावी. पूर ओसरल्यावर बाधित कुटुंबांना दहा हजार रुपयांची मदत जाहीर झाली होती. तो पैसा द्यायलाच हवा होता. पण त्या रात्री तळमजल्यावरच्या लोकांना सर्वांत जास्त गरज होती ती तासभर आधी दारावर पडणाऱ्या थापेची, आणि ती थाप कोण मारणार हे येत्या पावसाळ्यापूर्वी लेखी ठरले पाहिजे.